चाक हलवून बघणारा माणूस

गेल्या वसंतात आमच्याकडे, अमेरिकेतल्या उत्तर इंडियानात, जुन्या बागकामाच्या ट्रॅक्टरांचा नांगरणीचा मेळावा भरला होता. एका शेतकऱ्यानं मक्याची धसकटं असलेलं रान त्या दिवसापुरतं दिलं होतं आणि माणसं आपापले बुटके ट्रॅक्टर ट्रेलरवर घालून लांबलांबून आली होती. माझा व्हील हॉर्स कंपनीचा ट्रॅक्टर रांगेत उभा होता. लोक यायचे, हुडावरून, म्हणजे बॉनेटवरून, हात फिरवायचे, साल विचारायचे, रंग कंपनीचाच का म्हणून विचारायचे आणि पुढं जायचे. मग एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आले. त्यांनी हुडाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मागं गेले, वाकले, उजवं चाक दोन्ही हातांनी वरून धरून आत-बाहेर हलवलं, मग पुढं-मागं झटका देऊन बघितलं, आणि "म्हणजे हा शेतात जातो तर," एवढंच बोलून पुढच्या ट्रॅक्टरकडे वळले. तिथंही तेच. वाकले, चाक धरलं, हलवलं. त्या रांगेतल्या काही ट्रॅक्टरांवर आरशासारखा रंग होता. त्यांच्यापाशीही ते चाक हलवूनच पुढं गेले, काही न बोलता.

त्यांनी काय बघितलं ते मला कळलं होतं. या ट्रॅक्टरचं मागचं चाक एका बिडाच्या हबवर बसतं, आणि तो हब आसावर घट्ट धरून ठेवते ती अर्धचंद्राच्या आकाराची एक छोटी चावी आणि बाहेरून आवळलेला स्क्रू. नुसतं गवत कापायला हे पुरून उरतं. पण मागं नांगर लागला की सगळा जोर त्या बोटाच्या पेराएवढ्या लोखंडावर येतो. स्क्रू जरा ढिला राहिला की चावी खाचेत हलायला लागते, हलता हलता खाच रुंद करते, आणि एक दिवस आस फिरतो पण चाक फिरत नाही. तेव्हा नुसती चावी बदलून भागत नाही, हबही गेलेला असतो आणि बऱ्याचदा आसही. चाक पुढं-मागं हलवलं आणि आत बारीकसा 'टक' झाला, की तो ट्रॅक्टर रांगेत उभा राहण्यापुरताच आहे हे कळतं. माझा 'टक' करत नव्हता. याचा मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. तरी घरी येईपर्यंत ते वाकलेले गृहस्थ डोळ्यांपुढून हलेनात.

अण्णा, माझे वडील, असेच वाकायचे.

खरसुंडीच्या बाजारात. मी लहान होते, पोरीला बैलबाजारात कशाला नेतोस म्हणून आजी कुरकुरायची आणि अण्णा तिकडं कानाडोळा करून मला पुढं घालायचे. खिलार खोंडांच्या रांगा, धुरळा, गुलाल, शिंगांना लावलेला ताजा रंग, गळ्यातल्या घुंगरांचा नुसता कल्लोळ. मला अर्थातच रंगवलेली शिंगं आवडायची. अण्णा त्या शिंगांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. दात बघायचे, खुरं उचलून बघायचे, मानेवर जिथं जू बसतं तिथल्या खांदेवर तळहात दाबून धरायचे. मग धन्याला म्हणायचे, "जरा चालवून दाव." आणि बैल चालायला लागला की मागून बघत राहायचे, पुढून कधीच नाही. सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, त्यामुळे किमती मला कधी कळल्या नाहीत. पण अण्णांचा हात खांदेवर किती वेळ थांबला यावरून बैल घरी येणार की नाही हे मला हळूहळू ओळखता येऊ लागलं होतं.

माझा ट्रॅक्टर बाजारातून आला नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या एका आजींच्या शेडमधून आला. त्यांचे यजमान गेले तेव्हापासून तो तिथंच उभा होता, पेव्हमेंटच्या जुन्या फरशा आणि फुटक्या कुंड्यांच्या मागं. व्हील हॉर्सचा सी-120, सत्तरीच्या दशकातला, कोहलरचं एका सिलिंडरचं बिडाचं 12 अश्वशक्तीचं इंजिन, सहा गिअर पुढं जायला आणि दोन मागं यायला. चारही टायर बसलेले. त्या म्हणाल्या, तुम्हाला खरंच चालवायचा असेल तर घेऊन जा. आम्ही तो ढकलत नेला तेव्हा तो खरा किती जड असतो ते कळलं. आजकालचे गवत कापायचे ट्रॅक्टर दाबलेल्या पत्र्याचे असतात. याचं इंजिन बिडाचं, गिअरपेटी बिडाची, चौकट जाड पोलादाची. बागेत नांगर ओढण्याची ताकद अश्वशक्तीतून थोडी आणि या वजनातून जास्त येते.

उभं राहिलेलं यंत्र कशानं मरतं हे त्या उन्हाळ्यात मी एक एक झाकण काढत शिकले. इंजिन हवेवर थंड होणारं. फ्लायव्हीलचा पंखा हवा ढकलतो, पत्र्याचं आवरण ती सिलिंडरच्या पंखांवरून फिरवतं. ते आवरण काढलं तर आत उंदरांनी संसार मांडलेला. सुकलं गवत, कापूस, अक्रोडाची टरफलं, सगळं गच्च दाबून बसवलेलं. हे न बघता कुणी इंजिन चालू केलं असतं तर अर्ध्या तासात ते तापून जाम झालं असतं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलचा तपकिरी चिकट थर, आंबूस वासाचा, नखानं खरवडला तर निघायचा नाही. इकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मग आत पांढरट बुरशीसारखा गंज धरतो. रबरी नळी हातात घेतली तर तिचे तुकडे झाले. यातलं काहीही वापरानं झिजलेलं नव्हतं. सगळं न वापरल्यानं गेलेलं होतं.

सगळ्यात जास्त जीव लावला तो ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांना. आता कुठल्याही नव्या इंजिनात ते सापडत नाहीत. माझ्या मुलाला मी सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी गुणांबद्दल बोलतेय. कोहलरच्या या इंजिनाची एक मोठी सोय म्हणजे पॉइंट फ्लायव्हीलखाली दडलेले नसतात. बाजूला, हात पोचेल अशा जागी, एका लहानशा झाकणाखाली असतात. आतल्या कॅमशाफ्टवरची एक बारीक दांडी दर फेऱ्याला त्यांना ढकलते, ते उघडतात, आणि उघडण्याच्या त्या क्षणी कॉइलमधून ठिणगी उडते. माझ्या ट्रॅक्टरला ठिणगीच येत नव्हती. कॉइल चांगली, वायर चांगली, प्लग नवा. झाकण काढून भिंगातून बघितलं तर पॉइंटांच्या तोंडांवर राखाडी पापुद्रा. वीज त्या पापुद्र्यापाशी येऊन थांबत होती. बारीक पॉलिश पेपरनं घासलं, मग साध्या पुठ्ठ्याची पट्टी त्यांच्यात धरून ओढली, कारण पेपरचा कणही मागं राहिलेला चालत नाही. मग फटीचं माप. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले 20, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फिलर गेजची पाती आत घातली की ती अडू नये पण सैलही जाऊ नये, जाताना बोटाला नुसती जाणवावी. स्क्रू आवळताना ती फट हलते. सोडायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा आवळायचं. शेवटी फ्लायव्हीलवरची खूण खिडकीत आणून, छोटा दिवा जोडून, पॉइंट उघडताना दिवा नेमका त्या खुणेवर विझतोय ना ते बघायचं. दिवा विझला. मी गॅरेजात एकटीच होते आणि मोठ्यानं "आलं!" म्हणाले.

पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा निळसर धूर आला आणि मग तो आवाज आला. एका सिलिंडरचा, सुटासुटा, दर ठोका वेगळा मोजता येईल असा. त्या आवाजानं मी एकदम आमच्या विहिरीवर जाऊन पोचले. तिथं किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं. अण्णा रात्रीच्या पाळीला बांधावर घोंगडी टाकून झोपायचे आणि इंजिन चालू असेपर्यंत गाढ झोपायचे. विहिरीचं पाणी खाली गेलं, फुटव्हॉल्व्हनं हवा ओढली, की इंजिनावरचा भार हलका होतो आणि ठोका बदलतो. तो बदल मला जागेपणी कळायचा नाही, अण्णा झोपेतून उठून बसायचे. कार्बोरेटरची सुई लावताना मी तेच करत होते. सुई आत फिरवत न्यायची, इंजिन कोरडं पडून अडखळायला लागलं की थांबायचं. मग बाहेर काढत जायचं, ते जड होऊन गुदमरायला लागलं की थांबायचं. या दोन्हींच्या मधे जिथं ठोका मोकळा वाजतो तिथं सुई सोडायची. पुस्तकात फेऱ्यांचा आकडा दिलेला असतो, पण तो सुरुवातीपुरता. पुढचं कान सांगतो.

हा ट्रॅक्टर जिथं जन्मला ते साउथ बेंड आमच्यापासून गाडीनं जवळच. एल्मर पाँड यांनी 1946 साली तिथं आपल्या घरच्या गॅरेजात लहान ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, मुलगा सेसिलनं ते नावारूपाला आणलं, आणि 1986 साली टोरो कंपनीनं सगळं विकत घेतलं. पण या गावाची नांगराशी ओळख त्याच्याही कितीतरी आधीची. जेम्स ऑलिव्हर इथलेच. त्यांनी बिडाचा फाळ ओतताना त्याचा पृष्ठभाग झटकन थंड करायची युक्ती बसवली, 1857 साली तिचं पेटंट घेतलं. अशानं वरचा थर इतका कठीण होतो की माती त्याला सहजी झिजवू शकत नाही. त्यांच्या मुलाचं राहतं घर आता संग्रहालय आहे. मी तिथं गेले तेव्हा बाकीचं घर भराभरा बघून टाकलं, माझं मन नांगरात होतं. ऑलिव्हरांच्या पेटंटच्या वीसेक वर्षं आधी शेजारच्या इलिनॉयमध्ये जॉन डिअर नावाच्या लोहारानं 1837 साली मोडक्या करवतीच्या पोलादाचा नांगर केला होता, कारण तिथल्या काळ्या चिकट मातीत खरबरीत बिडाचा नांगर दर काही पावलांनी थांबवून खरवडावा लागायचा. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावरून ती माती आपोआप सरकून गेली.

आणि आमचं गाव किर्लोस्करवाडीपासून हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 साली लोखंडी नांगर केला, पण शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. 1910 साली औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली आणि कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभा राहिला. आमच्या आजोबांच्या घरी त्यातलाच एक नांगर होता. कृष्णाकाठची काळी, उसाला नांगरायची, तर चार बैल जुंपावे लागत. माती जॉन डिअरच्या मातीपेक्षा कमी चिकट नव्हती. नांगरणी चालू असायची तेव्हा त्या नांगराचा माती पलटणारा पत्रा इतका लखलखायचा की त्यात तोंड दिसायचं, आणि पावसाळाभर गोठ्यात पडला की तांबडा व्हायचा. पुढच्या नांगरणीला पहिली काही तासं, म्हणजे नांगराच्या रेघा, माती चिकटायची. अण्णा वैतागून थांबायचे, काठीच्या टोकानं खरवडायचे, पुन्हा "हो" म्हणायचे. दुपारपर्यंत मातीच त्याला घासून लख्ख करायची.

माझ्याकडे आहे तो 10 इंची ब्रिन्लीचा नांगर, तोही जुनाच, आणि आणला तेव्हा तोही असाच तांबडा होता. मी सँडपेपर लावून जमेल तेवढा साफ केला. पण हातानं घासलेला पत्रा आणि मातीनं घासलेला पत्रा यांत फरक राहतोच. बागेतल्या पहिल्या तासाला माती त्यावर थापली गेली, नांगर मातीचा गोळा ढकलत पुढं गेला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मागच्या चाकांना मी बिडाची वजनं लावली होती, टायरांत द्रव भरला होता, वर साखळ्याही होत्या. वजनाचा प्रश्नच नव्हता, पत्रा अजून तयार झाला नव्हता. थांबायचं, खरवडायचं, पुन्हा जायचं. किती फेऱ्यांनी ते बदललं हे मी मोजलं नाही, पण बदललं ते एकाएकी. माती वर चढली, वळली आणि उजव्या हाताला अखंड पट्टीसारखी उलटी पडत गेली, गांडुळांसकट. इंजिनाचा ठोका खोल गेला. गव्हर्नर आपोआप पेट्रोल वाढवत होता आणि वेग तोच राहत होता. ओल्या मातीचा तो वास इथंही तसाच येतो याचं मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

नांगर लावणं हे इंजिनाइतकंच नाजूक काम आहे, पण त्यावर कुणी फारसं बोलत नाही. पहिलं तास काढताना ट्रॅक्टर सपाट जमिनीवर असतो. दुसऱ्या तासाला उजवी चाकं आधीच्या तासात उतरतात आणि सगळा ट्रॅक्टर उजवीकडे कलतो. नांगरही त्याच्याबरोबर कलतो. म्हणून खाली उतरून, नांगर उलट्या बाजूला फिरवून, तो जमिनीशी पुन्हा उभा करायचा. हे केलं नाही तर माती पलटत नाही, नुसती ढकलली जाते, आणि खाली गवताची मुळं जिवंत राहतात. मेळाव्यात रंगीत ट्रॅक्टरांच्या मागं वाकडी, अर्धवट तासं मी बघितली. आणि गंजलेल्या, सीट फाटलेल्या एका ट्रॅक्टरमागं दोरी धरल्यासारखं सरळ तास पडत होतं. तो ट्रॅक्टर चाक हलवून बघणाऱ्या त्या गृहस्थांचाच होता. ते सीटवर जरा तिरके बसून मागं बघत चालवत होते.

रंगाचा प्रश्न मात्र मला सुटत नव्हता. इकडं दोन पंथ आहेत. एकांना यंत्र खरवडून, सँडब्लास्ट करून, कारखान्यातून आत्ताच आलंय असं करायचं असतं. दुसरे म्हणतात, मूळ रंग एकदाच असतो, जे ओरखडे आहेत ते त्या यंत्राचं आयुष्य आहे, त्याला हात लावू नका. मला दोन्ही पटत आणि दोन्ही खटकत. माझ्या ट्रॅक्टरच्या डाव्या पायरीवरचा रंग एका ठिकाणी पूर्ण उडालेला आहे, आतलं लोखंड बुटाच्या टाचेच्या आकारात गुळगुळीत झालंय. आजींच्या यजमानांचा पाय तिथं असायचा. तिथं रंग मारायला माझा हात धजत नव्हता. पण मी ज्या घरात वाढले तिथं जुनं ते जुनंच ठेवायची रीत नाही. खंडेनवमीला नांगर, कुळव, पाभर, कोयते, खुरपी, अगदी विहिरीवरचं इंजिनसुद्धा धुऊन पुसून, तेलाचा हात देऊन, हळदकुंकू वाहून ठेवलं जायचं. बेंदराला बैलांच्या शिंगांना दरवर्षी नवा रंग लागायचा. शिंगांवरचा गेल्या वर्षीचा रंग जपून ठेवावा असं आमच्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. जे राबतं त्याला सजवायचं. अण्णा बाजारात रंगाकडे बघत नसत आणि बेंदराला स्वतःच्या हातानं रंग लावत, यात आम्हाला कधी विसंगती दिसली नाही.

अजून एक गोष्ट मनाला लागून राहते. या ट्रॅक्टरांचे सुटे भाग मिळतात ते बहुतेक दुसऱ्या ट्रॅक्टरांतून. पॉइंट, प्लग, गॅस्केट नवीन मिळतात, पण गिअर, हब, हुड हवा असेल तर कुणीतरी एक सबंध ट्रॅक्टर मोडलेला असतो. माझ्या ट्रॅक्टरचा डावा हब अशाच एका मोडलेल्यातला आहे. तो घ्यायला गेले तेव्हा अंगणात पाचसहा सांगाडे पडले होते आणि त्यांतल्या एकाचं इंजिन विकणाऱ्यानं मला चालू करून दाखवलं, चांगला ठोका होता, "हेही हवं असेल तर वेगळं देतो" म्हणाला. मी हब घेतला आणि निघाले. अण्णांनी शेवटची जोडी विकली तेव्हा ती कुठं गेली हे आम्ही कधी विचारलं नाही. आता गावात ट्रॅक्टर भाड्यानं येतो, तासाभरात एकर उलटून जातो, आणि अण्णांना त्याबद्दल काही तक्रार नाही. चार बैलांना वैरण घालायची ताकद ना शेतात उरली होती ना त्यांच्यात, असं ते स्वतःच सांगतात. किर्लोस्करचा नांगर भंगारात गेला. व्हिडिओवर मी त्यांना माझं तास दाखवलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "खोल किती जातोय?" सहा इंच, म्हटलं. "उसाला नाही पुरायचं," म्हणाले. थोडं थांबून, "पर सरळ हाय," म्हणाले.

मागच्या महिन्यात त्या आजी आल्या होत्या, कोथिंबीर आणि वांगी न्यायला. ट्रॅक्टर बाहेरच होता. मी त्यांना पायरीवरची ती टाचेची जागा दाखवली, म्हटलं, हे मी तसंच ठेवलंय. त्या वाकून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, हे बघून ते फार चिडायचे. दर वर्षी रंगवीन म्हणायचे. रंगही आणून ठेवला होता." दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा पाठवला. लाल इनॅमल, झाकणावर गंज. पेचकसानं उघडलं तर वर जाड साय धरलेली होती, आणि ती सुरीनं कापून उचलली तर खाली रंग अजून पातळ. काठीनं बराच वेळ ढवळला, एका भंगार पत्र्यावर फासून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळला होता, आणि लाल तोच.

सध्या उजव्या आसाचं ऑइल सील झिरपतंय. 90 नंबरच्या ऑइलचा ओघळ आतल्या बाजूनं रिमवर येतो आणि त्यावर धूळ बसते. ते बदलायला हब काढावा लागेल, आणि बसलेला हब हातोडीनं काढायचा नसतो, बीड तडकतं. पुलर लावून, रॉकेल सोडत, रात्रभर ताणावर ठेवून हळूहळू काढायचा. ते झालं की परसाची शरदातली नांगरणी, मग पानं ओढायचं काम, मग बर्फाचं पातं. रंग लावायचा तो बर्फाच्या आधी, ऊन आहे तोवर. पायरीपासून सुरुवात करेन.